नारळ खवण्याच्या आवाजासाठी काकींचे आभार

ती. काकींस,
साष्टांग नमस्कार.

आमची शॉर्ट फिल्म पूर्ण झाली. आठ मिनिटांची, एकही संवाद नसलेली. कॉलेजात दाखवली तेव्हा सगळ्यांनी आधी कॅमेऱ्याचं कौतुक केलं, कुळागरातला, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतला, उजेड काय सुंदर आलाय म्हणाले. उजेड तर तिथे आयताच होता. फिल्म उभी राहिली ती तुमच्या हातांवर. हे चार लोकांना कळावं म्हणून पत्र असं उघडपणे लिहिते आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. एकटी राहणारी आई आणि गणपतीच्या चवथीला येणारा मुलगा. 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्या गोव्यात भरतो, त्यामुळे न कळणाऱ्या भाषांतले सिनेमे बघायची आम्हा मुलांना सवय आहे. सबटायटल्सवरून नजर काढली तरी दार कसं लोटलं, ताट कसं ठेवलं, यावरून घरात काय चाललंय ते कळतं. तेवढ्यावरच अख्खी गोष्ट सांगता येईल का, ते आम्हाला करून बघायचं होतं.

सावईवेऱ्याला तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्या कागदावर नुसतं लिहिलं होतं, ‘स्वयंपाकघरातले आवाज’. तुम्ही ते वाचलंत आणि विचारलंत, “पण ती रांधते कुणासाठी?” काकी, आमची पटकथा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. एकटीसाठी अर्धी वाटी खवली की भागतं, वाटण पाट्यावर दोन हातांत उरकतं. मुलगा येणार म्हटल्यावर नारळामागून नारळ फुटतात आणि वाटणाचा दगडी रगडा थांबायचं नाव घेत नाही. मुलगा येतोय हे आमच्या फिल्ममध्ये कुणीच सांगत नाही. रगडा सांगतो.

मग तुम्ही आदोळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, बसलात. मी हेडफोन लावून शेजारी. दाते ओल्या खोबऱ्यात शिरतात तेव्हा आवाज मऊ आणि भरीव असतो. वाटी पातळ होत गेली की तो वर चढतो, कोरडा होतो, आणि दाते करवंटीला लागले की अंगावर काटा येईल असा खरखरतो. तुमच्या हातून तो शेवटचा आवाज येतच नव्हता, कारण काळपट खोबरं पडायच्या आत तुम्ही वाटी फिरवायचात. “लक्ष नसलं तरच करवंटीला लागतं,” असं तुम्ही सहज म्हणालात. आता फिल्ममध्ये दुपारची बस न थांबता पुढे जाते, आणि ती बाई करवंटीपर्यंत खवतच राहते. तिचा चेहरा आम्ही दाखवलेलाच नाही. दाखवायची गरजच उरली नाही. ही कल्पना सर्वस्वी तुमची आहे.

पडद्यावरचे हात नाटकात काम करणाऱ्या बाईंचे आहेत, आवाज तुमचा. चित्र बघत बघत पावलं, भांडी, कपड्यांची सळसळ नव्याने करून रेकॉर्ड करतात, त्याला फोली म्हणतात. त्यासाठी स्टुडिओत माणसं वर्षानुवर्षं घासून तयार होतात. तुम्ही लॅपटॉपसमोर आदोळी मांडलीत, त्या बाईंच्या हातात बांगड्या नाहीत हे आमच्या आधी ओळखलंत, स्वतःच्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवून फडक्याने बांधल्यात आणि तिच्या हाताबरोबर हात चालवलात. तिने थांबावं, तुम्ही थांबावं. बघताना मला भरून आलं होतं.

फ्रिज बंद करा म्हणताना मला संकोच वाटत होता. तुम्ही बंद केलात आणि दूध शेजारी पाठवून दिलंत. पाऊस ओसरल्यावर घराची निव्वळ शांतता आम्ही मिनिटभर रेकॉर्ड केली. कौलांवरून ठिबकणारं पाणी, लांबवर पाटाची खळखळ. एडिटिंगमध्ये दोन आवाजांमधल्या फटी याच शांततेने भरल्यात. तिथे काहीच ठेवलं नाही तर बघणाऱ्याला वाटतं स्पीकर गेला.

भाऊजींनाही नमस्कार सांगा. त्यांचं घुमट, म्हणजे आरतीला वाजवतात ते मडक्यासारखं मातीचं वाद्य. त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं असे. घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आम्ही मात्र ते फक्त आरतीपुरतं धरलं होतं. पावसाळी हवेने सैल पडलेल्या कातड्याचा ढब्ब आवाज भाऊजींनी आधी ऐकवला, मग घुमट चुलीच्या धगीवर धरून तापवलं आणि तेच खणखणू लागलं. सैल आवाज आम्ही वाट बघण्याला दिला आणि तापलेला मुलगा उंबऱ्यावर आल्यावर. शेवटाला पार्श्वसंगीत घाला असा आग्रह झाला होता, पण घातलं नाही. तुमच्या घरातल्या या आवाजांवर आणखी काही चढवावं असं मला आजही वाटत नाही.

श्रेयनामावलीत तुमचं नाव ‘विशेष आभार’मध्ये नाही, ‘ध्वनी’खाली आहे, माझ्या नावाच्या वर. नको म्हणू नका, आता बदलता येणार नाही.

तुळशीच्या लग्नाला आम्ही सगळे येतो. प्रोजेक्टर आणि स्पीकर आमचे, भिंत तुमची. शेजारच्यांनाही बोलावून ठेवा, त्यांचं दुधाचं पातेलंही परत द्यायचं आहे ना!

तुमची,
हेडफोनवाली