न्यूयॉर्कचे तास भागाकारानं निघत नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत एक चौकट आली होती, मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण 12,500 किलोमीटर, वेळ 14 तास, बास एवढंच. आता 12,500 ला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगानं भागलं की 14 च्या जवळपास येतं हे शाळेतलं पोरगं पण सांगेल, पण पेपरात छापून आलं की आमच्याकडं तेच खरं, आणि माझी मुलगी तिकडं असल्यामुळं रंकाळ्यावर फिरायला येणारी निम्मी मंडळी मलाच धरतात, काका तुम्ही तर 16 तास म्हणला होता.

अहो जाताना 16 च्या आसपासच लागतात, येताना साडेचौदा-पंधरा. रस्ता तोच मग फरक कसला? आमच्यातले एक रिटायर्ड मास्तर म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून. तसं असतं तर ती पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, म्हणजे न्यूयॉर्कच आपल्याकडं चालत आलं असतं आणि जातानाच लवकर पोचलो असतो की! होतं नेमकं उलटं. हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, म्हणून नुसत्या तिच्या फिरण्यानं फरक पडत नाही. खरी गोम वाऱ्यात आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो, कधी कधी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरनं, हिवाळ्यात तर लईच जोरात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

आणि विमान नकाशातल्या सरळ रेषेनं जात नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा, रशिया आणि आइसलँडवरनं जातो. त्यात मधे कुणाची हद्द बंद असली की वळसा आला, 2025 च्या एप्रिलात पाकिस्ताननं आपल्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा तास वाढलेच.

तिकिटावरच्या वेळेची तर वेगळीच गंमत. रात्री 2 ला मुंबई, सकाळी साडेसातला न्यूयॉर्क, तारीख तीच. आमच्या हिनं बोटं मोजली आणि म्हणाली साडेपाच तासात अमेरिका, मग महालक्ष्मी एक्सप्रेसला मुंबईला जायला अख्खी रात्र का लागते? दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात ते घड्याळ पुढं करतात तेव्हा साडेनऊ, हे तिला समजवेपर्यंत चहा गार झाला.

तर पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा जातानाचे आणि येतानाचे तास वेगळे द्या, आणि जमलं तर कोल्हापूरपासूनचे द्या. आम्ही सकाळी 11 ला गाडीनं निघालो, हायवेचं काम, पुण्यातलं ट्रॅफिक, मग विमानतळावर बसून काढलेली निम्मी रात्र, असं करत मुलीच्या दारात पोचेपर्यंत 33 तास झाले होते. त्यातले विमानातले फक्त 16.

आपला,
एक नेहमीचा वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर