ताकाहुला तलावावरील रसदेच्या बिलात आकारलेले ‘रिकाम्या परतीचे’ भाडे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या प्रतिनिधीशी आज सकाळी झालेल्या बोलण्यानंतर पुन्हा फोन करण्यात काही अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे. आपली ‘सामायिक फेरी’ योजना काय आहे हे मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. अलास्कातील गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानात एकही रस्ता नाही, आखलेली पायवाटही नाही. ताकाहुला तलावासारख्या आतल्या भागात सामान पोहोचवायचे तर बेटल्स या गावाहून तलावावर उतरणारे छोटे विमान ठरवावे लागते, आणि ते रिकामे परतले तरी परतीच्या उड्डाणाचे पैसे ग्राहकालाच भरावे लागतात. दुसऱ्या गटाला आणायला निघालेल्या विमानात आमचे सामान चढवून हे परतीचे भाडे वाचवून देऊ, असे सांगूनच आपण आमच्याकडून आगाऊ रक्कम घेतली होती.

विमान आले आणि सामान मिळाले, त्याबद्दल वाद नाही. ढग खाली उतरल्यामुळे उड्डाण लांबले, त्याबद्दलही चकार शब्द काढणार नाही, कारण त्या प्रदेशात हवामानापुढे कोणाचेच चालत नाही. विमानाच्या फ्लोटवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पायावर, उभे राहून वैमानिकाने आमची खोकी एकेक करून किनाऱ्यावर दिली आणि त्यानंतर अलातना नदीतून आलेल्या एका गटाची हवा काढून गुंडाळलेली राफ्ट व पाठपिशव्या ताणकाट्याला लावून, वजने वहीत टिपून घेत, त्याच विमानात भरल्या. मग ती माणसेही विमानात बसली. हे सारे आमच्यासमोर झाले. असे असताना आमच्या बिलात ‘विमान रिकामे परतल्याचे भाडे’ लागलेच कसे?

हाच प्रश्न मी आज सकाळी विचारला. प्रतिनिधीचे उत्तर होते, “सर, सिस्टिममध्ये परतीची फेरी रिकामीच दाखवते आहे.” विमानात बसलेली माणसे मी स्वतः पाहिली, असे सांगितल्यावर, “तुम्ही पाहिली असतील सर, पण सिस्टिममध्ये नाहीत,” असे मला ऐकवण्यात आले. तक्रार नोंदवण्यासाठी त्यांना ताकाहुला तलावाचा पिन कोड हवा होता. तिथे गाव नाही, टपाल येत नाही, म्हणून तर आम्ही आपल्याकडे आलो, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. “मग जवळची एखादी खूण सांगा,” असे ते म्हणाले, तेव्हा मी ॲरिगेच शिखरांचे नाव सांगितले. त्यानंतर बराच वेळ मला आपल्या कंपनीची जाहिरातीची धून ऐकवण्यात आली, आणि ती थांबल्यावर प्रश्न आला, “सर, हे हॉटेल आहे का?”

यावर कडी म्हणजे, पुढच्या वेळी हेलिकॉप्टरने सामान थेट तंबूपाशी उतरवण्याची ‘प्रीमियम’ सोय घ्यावी, असा सल्ला मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय हेलिकॉप्टरने वा पॅराशूटने सामान पोहोचवण्यास मनाई आहे. 1964 च्या वन्यप्रदेश कायद्याने अशा क्षेत्रांत एरवी विमान उतरवण्यावरही निर्बंध आहेत. अलास्कासाठी 1980 च्या कायद्याने विमानांना मुभा दिली म्हणूनच आपला हा व्यवसाय चालतो. ज्या मुभेवर कंपनी जगते तिची मर्यादा कंपनीच्या माणसाला ठाऊक नसावी, आणि ती ग्राहकाने फोनचे पैसे भरून शिकवावी, हे आपल्या लौकिकाला शोभून दिसते.

बिलात आणखीही करामती आहेत. अस्वलांपासून अन्न राखण्याचे डबे बेटल्स येथील उद्यान कार्यालयातून विनामूल्य वापरायला मिळतात. त्यांचेही भाडे आपण लावले आहे. स्टोव्हचे गॅस सिलिंडर आपल्याच कर्मचाऱ्यांनी टपालाच्या खोक्यात भरले. बेटल्सचे टपाल विमानाने जाते आणि त्यातून ज्वालाग्राही वायू पाठवता येत नाही, हे रसदीचा व्यवसाय करणाऱ्यांना मी सांगायचे? खोके अडकले, आणि ते सोडवण्याचा खर्च मात्र आमच्या नावावर पडला.

परंतु मुख्य मुद्दा परतीच्या भाड्याचाच आहे. त्या उड्डाणाचे पैसे त्या राफ्टवाल्या गटानेही भरले असणार. एकाच उड्डाणाचे भाडे दोघांकडून घ्यायचे आणि त्याला ‘सामायिक’ म्हणायचे, ही किफायत नेमकी कोणाची? आपले नाव मी अनेक गिर्यारोहक मित्रांना सुचवले होते, आणि आता त्या प्रत्येकाला हे बिल दाखवणार आहे.

परतीचे भाडे, डब्यांचे भाडे आणि खोके सोडवण्याचा खर्च पंधरा दिवसांत परत करावा आणि तसे लेखी कळवावे. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, त्यामुळे सुनावणीसाठी प्रवास आपल्याला करावा लागेल. राफ्टवाला गट विमानात चढतानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. त्यात विमानाचा नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येतो. तो आपल्या सिस्टिममध्ये कोणत्या रकान्यात भरायचा, हे आपण पाहावे.

आपला,
गटप्रमुख

सोबत: बिलाची प्रत, छायाचित्र