दिवाडीच्या फेरीबोटीत मला चढवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर नार्व्याला, सासर दिवाडीला. मध्ये फक्त नदी. दिवाडी म्हणजे गोव्यातलं बेट, तिथे पूल नाही, त्यामुळे बाजार असो, बँक असो की माहेरपण, फेरीबोट धरल्याशिवाय गत्यंतर नाही. रॅम्प उचलताना साखळी खडखडू लागली की माझे तळहात घामाने भिजायचे, छाती धडधडायची, श्वास पुरत नसे. पलीकडचा धक्का डोळ्यांसमोर दिसत असूनही आता आपण मरणार, अशी खात्रीच वाटायची. ‘एवढ्याशा पाण्याला कोण घाबरतं?’ हे ऐकून ऐकून मी सांगणंही सोडलं आणि बाहेर पडणंही.

संमोहनाच्या उपचारासाठी तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही तसं म्हणाला नाहीत, याचे आभार सगळ्यांत आधी. हृदयाची आणि थायरॉईडची तपासणी करून यायला लावलंत. अमुक दिवसांत बरी करते, असा शब्द दिला नाहीत. सुनेवर कोणी मोहिनी घालील म्हणून सासूबाई धास्तावल्या होत्या. त्यांना तुम्ही खोलीतच बसवून घेतलंत.

त्या खुर्चीत मी झोपले नव्हते. पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, सगळं ऐकू येत होतं. भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर, लांब श्वास, मग खांदे सैल, जबडा सैल. तुम्ही हलक्या आवाजात मला मनातल्या मनात धक्क्यावर नेलंत. साखळी वाजली. ‘दहापैकी भीती किती?’ मी आठ म्हटलं की तुम्ही लगेच मागे आणायचात, अंग सैल होईपर्यंत थांबायचात, आणि पुन्हा त्याच साखळीपाशी. अंगठा आणि तर्जनी दाबून ती शांतता पकडून ठेवायलाही तिथेच शिकले.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे. लहानपणापासून तो बघत आले, पण त्यांचं काम काय हे तुमच्याकडून कळलं. 1756 साली कांदोळीत जन्मलेला हा माणूस 1813 मध्ये पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून सांगत होता, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलीही चुंबकीय शक्ती वाहत नाही. जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात. तुम्हीही श्रेय घ्यायला कधी तयार झाला नाहीत. पण मॅडम, माझ्या मनातलं ते दार मला एकटीला सापडलं नसतं.

नुसत्या संमोहनाने भागणार नाही, प्रत्यक्ष पाण्यापाशी जावंच लागेल, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आधी धक्क्यावर नुसतं उभं राहायचं. मग काठाला लागलेल्या बोटीत चढून उतरायचं. मग यजमानांबरोबर पलीकडे, आणि शेवटी एकटीने. घाई तुम्ही कधीच केली नाहीत. पावसात नदी फुगली की पोटात अजून गोळा येतो. तरी मी जाते.

परवा एकटी नार्व्याला गेले. सप्तकोटेश्वराला नारळ ठेवला, गाऱ्हाण्यात तुमचंही नाव घेतलं. आईला आधी कळवलंच नव्हतं. मला दारात बघून ती आधी माझ्या पाठीमागे कोण आहे तेच शोधत राहिली.

सासूबाईंनी चवथीला तुम्हाला बोलावलंय. नेवऱ्या खायला यायचंच. धक्क्यावर न्यायला मी येईन.

तुमची,
दिवाडीची एक सून