मधल्या सुट्टीत बंद राहणारे डबे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या आरोग्य तपासणीत मुलींचा रक्तक्षय पाहिला जातो, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि ते आवश्यकच आहे; परंतु दप्तरात भरलेला डबा असूनही मुद्दाम उपाशी राहणाऱ्या मुलीची दखल घेणारा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. नववी-दहावीच्या मुलींना शिकवत असल्यामुळे त्याविषयी लिहावेसे वाटले.

हे उपाशी राहणे मुली पुष्कळदा एकमेकींकडूनच उचलतात. मधल्या सुट्टीत चार-पाचजणी एकत्र बसतात आणि एकीने ‘माझे डाएट चालू आहे’ म्हटले की इतरांचेही डबे बंद राहतात. मनगटाभोवती अंगठा आणि मधले बोट जुळते का, हे एकमेकींचे पाहिले जाते; जिचे जुळत नाही, ती दुसऱ्या दिवसापासून नुसती काकडी आणू लागते. यात भांडण नसते, चिडवाचिडवीही नसते, केवळ मैत्रिणींत आपण वेगळे पडू नये ही धडपड असते आणि म्हणूनच ते शिक्षकांच्या नजरेतून सुटते. घरी चवथीला जमलेली मंडळी ‘किती सुटलीस गो!’ असे सहज बोलून जातात आणि पुढे तीच मुलगी सोमवार, एकादशी, संकष्टी असे एकेक उपवास वाढवू लागली की तिच्या भाविकपणाचे कौतुक होते.

फिजीमध्ये दूरचित्रवाणी नुकतीच पोहोचली असताना, १९९५ साली, संशोधिका अॅन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी तेव्हा आढळली नाही. १९९८ साली हे प्रमाण ११.३ टक्के होते. याच संशोधकांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलगी स्वतः पडद्यासमोर किती बसते यापेक्षा तिच्या मैत्रिणी किती बसतात, याच्याशी तिच्या खाण्यातील बिघाडाचा संबंध अधिक दिसून आला. आज पालक मुलीच्या हातातला मोबाइल काढून घेतात आणि निश्चिंत होतात, पण तिच्या मैत्रिणींचा घोळका तसाच राहतो.

हे वयाचे खूळ आहे, आपोआप जाईल, असे समजणे धोक्याचे आहे. सतत उपाशी राहिल्याने पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. वारंवार उलट्या काढल्याने दातांचे आवरण झिजते, रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलगी दिसायला हडकुळी असतेच असेही नाही, त्यामुळे नुसत्या वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही.

शिक्षण खात्याने यात लक्ष घालावे, अशी विनंती आहे. वर्गासमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचण्याची पद्धत काही ठिकाणी अजून चालते, ती तातडीने बंद व्हावी. समुपदेशकांनी एकाच मुलीला बाजूला बोलावण्याऐवजी तिच्या सगळ्या मैत्रिणींशी मिळून बोलावे, आणि मैत्रीण जेवत नाही हे येऊन सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, असा विश्वास त्यांना द्यावा. गोव्यात बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, ही माहिती प्रत्येक हायस्कुलाच्या सूचना फलकावर आणि पालकसभेच्या पत्रावर छापली जावी.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, डिचोली