तुर्कानाच्या पवनचक्क्यांचे पैसे कोण भरतंय

नैरोबी, रविवार

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुर्काना प्रकल्पातून जागतिक बँकेनं अंग काढून घेतलं ते बरोबर होतं का, आणि मग पैसे उभे कसे राहिले, असं तुम्ही फोनवर विचारलंत. आकड्यांशिवाय याचं उत्तर देता येत नाही आणि फोनवर आकडे राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. वीज मंडळात असताना तुम्ही एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा सगळा काळ पाहिलात. त्यामुळे यातलं निम्मं तुम्हाला ओळखीचं वाटेल.

प्रकल्प आहे केनियाच्या उत्तरेला, मार्साबिट काउंटीत, तुर्काना सरोवराच्या आग्नेय टोकाजवळ. ८५० किलोवॉटची एक अशा ३६५ पवनचक्क्या, म्हणजे ३१० मेगावॉट. खर्च सुमारे ६२ कोटी युरो, त्यातलं साधारण ७० टक्के कर्ज. चक्की व्हेस्टासची व्ही-५२: पात्यांच्या चक्राचा व्यास ५२ मीटर, मनोरा ४४ मीटर. २०१४ साली याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेच्या चक्क्या सर्रास मिळत होत्या, मग ही लहान का? कारण रस्ता. सगळा माल मोंबासा बंदरातून सुमारे १,२०० किलोमीटर आणायचा होता, आणि शेवटचा लैसामिस ते सारिमा हा २०८ किलोमीटरचा टप्पा तर आधी चालण्याजोगा करून घ्यावा लागला. पंचवीस मीटरचं पातं अशा रस्त्यावर वळणं घेऊ शकतं, पन्नास मीटरचं अडकतं. शिवाय मनोरा बुटका असला की क्रेनही लहान चालते.

वाऱ्याबद्दल मात्र कधीच वाद नव्हता. इथिओपियाचं पठार आणि केनियाचं पठार यांच्यामधल्या सखल पट्ट्यातून वारा जवळजवळ वर्षभर एकाच दिशेनं वाहतो, सरासरी सेकंदाला ११ मीटर. आपल्या साताऱ्याजवळच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर खरा वारा जून ते सप्टेंबर, बाकीचे महिने चक्क्या बऱ्याचदा नुसत्या उभ्या. वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज मिळते. तुर्कानात हाच आकडा ६० टक्क्यांच्या घरात जातो. एवढ्या प्रतीचा वारा जगात फार कमी ठिकाणी आहे.

वाद होता तो जोखमीचा. इथली केनिया पॉवर म्हणजे आपली महावितरण, केट्राको म्हणजे महापारेषण आणि केनजेन म्हणजे महानिर्मिती, असं धरून पुढे वाचा. केनिया पॉवरनं २० वर्षांचा वीजखरेदी करार केला, दर युनिटला ७.५२ युरो सेंट. त्यात ‘टेक ऑर पे’ची अट होती: वीज तयार असेल तर उचला किंवा उचलू नका, पैसे द्यायचेच. जागतिक बँक हमी देणार होती, पण २०१२ मध्ये तिनं माघार घेतली. तिचं म्हणणं होतं की ३१० मेगावॉट एकदम अंगावर आले तर केनियाच्या ग्रिडला ते पचणार नाहीत, आणि न वापरलेल्या विजेचं बिल ग्राहकाच्या माथी बसेल. १९९३ मध्ये याच बँकेनं दाभोळ आर्थिकदृष्ट्या परवडणारं नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं, ते तुमच्या लक्षात असेलच. युक्तिवाद जवळजवळ तोच: एका खरेदीदारासाठी फार मोठा प्रकल्प, सक्तीची उचल आणि परकी चलनातला दर. एक मोठा फरक आहे. दाभोळला नाफ्था विकत घ्यावा लागायचा आणि त्याचा भाव चढला की युनिट चढायचं. इथे इंधनच नाही.

बँक गेल्यावर आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेनं पुढाकार घेतला. तिच्याबरोबर युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, नेदरलँड्सची एफएमओ, फ्रान्सची प्रोपार्को, डेन्मार्कची निर्यात हमी संस्था ईकेएफ आणि दक्षिण आफ्रिकेच्या स्टँडर्ड बँक व नेडबँक आल्या. मार्च २०१४ मध्ये नैरोबीत सह्या झाल्या. त्यांची बाजूही कच्ची नव्हती. तेव्हा केनिया तेलावरची महागडी वीज वापरत होता, आणि साडेसात सेंटची पवनवीज तिच्यापुढे स्वस्तच होती. सरकारनंही चाळीस महिन्यांत ५,००० मेगावॉट वाढवायची घोषणा केली होती, म्हणजे मागणी धावत सुटणार हे गृहीत होतं. मागणी तशी धावली नाही.

पण पहिला घोटाळा मागणीनं केलाच नाही, तारेनं केला. प्रकल्पापासून नैरोबीजवळच्या सुस्वा उपकेंद्रापर्यंत ४०० केव्हीची सुमारे ४३० किलोमीटर वाहिनी बांधायची होती. चक्क्या खासगी कंपनीनं उभारायच्या, वाहिनी सरकारी केट्राकोनं, आणि दोघांना बांधणारी करारातली तारीख एकच. चक्क्या २०१७ च्या सुरुवातीला तयार झाल्या. वाहिनी मात्र मनोऱ्यांखालच्या जमिनीच्या मोबदल्यावरून आधीच रखडली होती, त्यात २०१७ मध्ये तिचा स्पॅनिश कंत्राटदार आयसोलक्स दिवाळखोरीत गेला. उरलेलं काम चिनी कंपन्यांनी पुरं केलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पहिली वीज सुस्वाला पोचली. तोवर दीड वर्षाहून जास्त काळ ३६५ चक्क्या वाऱ्यात उभ्या होत्या आणि घेणारं कुणी नव्हतं.

अशा वेळी ‘मानीव उत्पादन’ मोजतात. वाऱ्याचा वेग नोंदवायचा, चक्कीच्या आलेखावरून त्या वेगाला किती युनिट निघाली असती ते काढायचं आणि त्याचं बिल लावायचं. केनियाची देणी जवळपास १२.७ कोटी युरो झाली. त्यातले सुमारे ४.६ कोटी सरकारनं भरले, बाकीची रक्कम सहा वर्षांच्या दरात वाढ करून वसूल करायचं ठरलं. हा आकडा केवढा ते पाहा: ३१० मेगावॉट ६० टक्क्यांनी चालवले तर वर्षाला साधारण १६३ कोटी युनिट होतात, ७.५२ सेंटनं गुणलं की सव्वाबारा कोटी युरो. म्हणजे प्रकल्पाची वर्षभराची विक्री केनियानं एकही युनिट न वापरता देऊ केली. वाहिनी रखडली तर म्हणून आफ्रिकन डेव्हलपमेंट फंडाची हमी घेतलेली होती, पण ती २ कोटी युरोंची. प्रत्यक्ष झळ तिच्या सहापट.

मला यातली सर्वात मोठी चूक इथेच दिसते. ज्या कामावर कंपनीचा ताबा नाही त्याची जोखीम तिनं घ्यावी, असं मी म्हणणार नाही. कर्ज देणाऱ्यांनी ते कधीच मान्य केलं नसतं. पण पैशांचं घड्याळ वाहिनी तयार झाल्याच्या दाखल्यावर सुरू करायचं, किंवा आधी १०० मेगावॉट आणि मग उरलेलं असे टप्पे पाडायचे, हे सहज करता आलं असतं. टप्पे पाडले असते तर जागतिक बँकेच्या मूळ शंकेलाही उत्तर मिळालं असतं. माघार घेऊन बँकेनं केनियाचं संरक्षण केलं नाही. टेबलावर बसून अट बदलून घेतली असती तर केलं असतं.

चलनाचं गणित वेगळंच आहे. दर युरोत, ग्राहक बिल भरतो शिलिंगमध्ये. २०१४ मध्ये युरोला साधारण १२० शिलिंग पडत होते, तेव्हा युनिट ९ शिलिंगचं. २०२४ च्या सुरुवातीला युरो १७० च्या वर गेला आणि तेच युनिट १३ शिलिंगचं झालं. वारा तोच, चक्की तीच. इथल्या वीजबिलात परकी चलनाच्या चढउतारासाठी वेगळी ओळ छापलेली असते, तिच्यातून हा भार घरोघर पोचतो. कर्ज युरोत घेतलंय म्हणून दर युरोत, हे समजतं. पण देखभाल, पगार, रस्ते हा खर्च इथलाच, निदान तेवढा भाग शिलिंगमध्ये ठेवायला हवा होता.

आता ग्रिड, यात तुम्हाला जास्त रस. महाराष्ट्राची कमाल मागणी ३०,००० मेगावॉटच्या आसपास, वर देशभराचं एक ग्रिड. तिथे ३१० मेगावॉट गेले तरी फ्रिक्वेन्सीचा काटा जेमतेम हलेल. २०१९ मध्ये केनियाची कमाल मागणी १,९०० च्या आसपास होती, म्हणजे एकाच वाहिनीवर देशाचा सहावा हिस्सा. त्यातून तुर्कानाचा वारा रात्री आणि पहाटे जोरात, आणि मागणी नेमकी तेव्हा सर्वात कमी. ओल्कारियाची भूगर्भीय वीज, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेनं विहिरींतून येणाऱ्या वाफेवरची, तर चोवीस तास चालू. वारा थांबवला तरी पैसे द्यायचे, म्हणून भूगर्भीय संच खाली उतरवतात आणि विहिरींची वाफ हवेत सोडतात. विहीर बंद-चालू करणं सोपं नसतं, तापमानाच्या झटक्यानं तिचं अस्तर खराब होतं. म्हणजे स्वस्त वीज टाकून करारातली वीज घ्यायची.

आणि वारा पडला की उलटा त्रास. चारशेवर किलोमीटरची ४०० केव्ही वाहिनी हलक्या भारावर असली की तिची स्वतःची कपॅसिटन्स व्होल्टेज वर ढकलते. एमव्हीएआर या एककात मोजलं तर हा परिणाम किलोमीटरला अर्ध्याहून थोडा जास्त धरा, म्हणजे एका सर्किटला दोनशेच्या वर. तेवढे शंट रिअ‍ॅक्टर, म्हणजे चढलेलं व्होल्टेज खाली ओढणारी उपकरणं, दोन्ही टोकांना हवेत आणि वेळेवर लागायला हवेत. २५ ऑगस्ट २०२३ ला देशभर अंधार झाला तेव्हा प्रकल्पाचे सुमारे २७० मेगावॉट एकदम गेले होते. सरकारनं बोट प्रकल्पाकडे दाखवलं. कंपनीचं म्हणणं, ग्रिडमध्ये व्होल्टेज वाढलं म्हणून संरक्षणानं आम्हाला बाजूला काढलं. अशा वेळी रिलेच्या, म्हणजे या संरक्षण यंत्रणेच्या, नोंदी जाहीर केल्या की वाद तिथेच मिटतो.

जमिनीचा प्रश्न सर्वात दुखरा. दीड लाख एकर जमीन ३३ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली गेली. ती रेंडिले, सांबुरू, तुर्काना, एल मोलो या पशुपालकांची सामायिक चराई. त्यांची रीतसर संमती घेतली नाही म्हणून २०१४ मध्ये दावा लागला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरूच्या न्यायालयानं जमिनीचे दाखले बेकायदा ठरवले. सगळं नियमित करायला वर्षाची मुदत दिली. ती संपल्यावर मागितलेली वाढ २०२३ मध्ये नाकारली. इतक्या बँकांच्या तपासणीतून हा प्रकल्प गेला. सातबारा नीट पाहिल्याशिवाय आपल्याकडची पतपेढीही कर्ज देत नाही, आणि इथे साठ कोटी युरो खर्चून झाल्यावर न्यायालयाला सांगावं लागलं, याचा मला राग येतो. केनियातलाच किनानगोपचा ६० मेगावॉटचा पवनप्रकल्प तर २०१६ मध्ये जमिनीच्या विरोधापायी गुंडाळावाच लागला होता.

सध्या चित्र पालटलंय. २०२५ मध्ये कमाल मागणी २,३०० मेगावॉटच्या वर गेली. संध्याकाळी तुटवडा पडतो, इथिओपियाकडून सुस्वालाच येणारी वीजही विकत घेतात. तुर्कानाची वीज आता कुणी नको म्हणत नाही. मात्र वाऱ्याचा जोर रात्रीचा आणि गरज संध्याकाळी सातची, त्यामुळे नव्या करारांत बॅटरी कुणाच्या खर्चानं हा पुढचा वाद असणार आहे.

तुमच्याकडून एक हवंय. दाभोळचा पहिला टप्पा चालू होता तेव्हा रात्री मागणी उतरली की मंडळ संच खाली आणायला सांगायचं का, आणि तेवढ्या युनिटांचं बिल कसं धरलं जायचं? जुन्या कागदांत काही सापडलं तर फोटो काढून दादाकडून पाठवा. इथे नव्या कराराच्या मसुद्यात वर्षाकाठी किती टक्के वीज विनामोबदला नाकारता यावी यावर चर्चा चाललीय, तिथे उपयोग होईल.

काकूंना सा. न., लहानांना आशीर्वाद.

तुमची,
चिमी