अवधाण, गाठ आणि तुझं पत्रक

पुणे,
१८ ऑगस्ट

प्रिय शरद,

तुझा मसुदा तीनदा वाचला. पत्रक आशाताईंच्या हातात जाणार, म्हणून भाषा बघ म्हणालास. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला ही पानं छान झालीत, तिथं मी काही हात लावलेला नाही. प्लेगच्या पानावर मात्र अडकलो.

तू लिहिलंयस, ‘लसिकाग्रंथींचा शोथ हे ग्रंथिक प्लेगचं प्रमुख लक्षण.’ वैद्यकाच्या दृष्टीनं चूक काहीच नाही. पण आपल्या गावाकडं पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते आणि तिला सगळे अवधाण म्हणतात. आजी शेक द्यायची, दोन-तीन दिवसांत ते उतरायचं. तुझं पत्रक ऐकूनही एखादी बाई म्हणेल, “अवधाण आलंय, उतरेल,” आणि घरीच बसेल. प्लेगमध्ये त्या दोन-तीन दिवसांतच माणूस हातचा जातो, आणि त्याच दिवसांत औषध मिळालं तर वाचतोही, हे तुला मी काय सांगावं! म्हणून अवधाण हा शब्द टाळू नकोस, मुद्दाम घाल. ‘जखम नसताना काखेत, जांघेत किंवा मानेला अवधाणासारखी गाठ आली, तिला हात लावू देववत नाही आणि थंडी वाजून जोराचा ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना.’ ग्रंथिक प्लेगला तुम्ही इंग्रजीत ‘ब्युबॉनिक’ म्हणता, त्याचा मूळ ग्रीक शब्दही जांघेचाच आहे. आपल्या पणज्यांनी त्याला गाठीचा ताप म्हटलं, ते काही अडाणीपणानं नव्हे.

दुसरं म्हणजे ‘मूषकमृत्यू’ काढून टाक. आजी म्हणायची, “उंदीर पडले की आम्ही माळावर झोपड्या घालायचो.” उंदीर पडणं, एवढंच. आढ्यावरून मेलेला उंदीर टपकला की घर सोडायचं, हे तिच्या पिढीला माणूस आजारी पडायच्या आधी कळायचं. पॉल-लुई सिमाँनं १८९८ साली कराचीत पिसवांचा धागा उलगडला. उंदीर मेला, त्याचं अंग गार पडलं, की पिसवा दुसरं ऊबदार रक्त शोधत निघतात. त्यांच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा बसलेला असतो, त्यामुळं भूक भागत नाही, त्या पुन्हा पुन्हा चावतात आणि चावताना जंतू आत सोडतात. हे चार वाक्यांत पत्रकात येऊ दे. मेल्या उंदराला हातानं का उचलायचं नाही, ते मग सांगावं लागणार नाही.

आता ‘संसर्गजन्य’बद्दल. १९९४ मध्ये तू बीडलाच होतास, मामल्यातल्या गाठी तू पाहिल्यास. पाठोपाठ सुरतेतून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि माणसं मिळेल त्या गाडीनं बाहेर पडली. आमच्या वाड्यातला एक जण तसाच परत आला. ताप नाही, खोकला नाही. घरमालकानं त्याला दारातूनच परत लावलं आणि मी खिडकी ओढून घेतली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, शरद. कोणता प्लेग खोकल्यातून जवळच्या माणसाला लागतो आणि कोणता सहसा पिसू चावल्यावरच होतो, हे तेव्हा कुणी साध्या मराठीत सांगितलं असतं, तर मी निदान त्याला पाणी तरी विचारलं असतं. तिन्ही प्रकारांना एकच विशेषण लावू नकोस. गाठीचा, रक्तातला, फुप्फुसाचा, असं वेगवेगळं लिही, आणि शेवटच्यापुढं ‘खोकल्यातून पसरतो’ हे ठळक कर.

‘विलगीकरण’ ठेवायला माझी हरकत नाही, करोनानंतर तो शब्द घराघरात पोचलाय. पण त्याच्या मागं काय आहे, ते विसरू नकोस. १८९७ मध्ये रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर पुण्यात घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, माणसांना ओढून सेग्रिगेशन कँपात नेलं. लोकांनी आजारी माणसं लपवली. त्याच वर्षी हडपसरच्या बाजूला, ससाण्यांच्या मळ्यात, सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंत यांचा दवाखाना होता. तोही गावाबाहेरच. तिथं मात्र सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आल्या. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग्याला वेगळं ठेवणं दोन्हीकडं होतं. म्हणून त्या शब्दाखाली एवढं जोड: सोबत कोण राहील, जेवण कोण देईल, किती दिवसांनी घरी सोडतील. घरच्यांना आधी हेच विचारायचं असतं.

‘अधिशयन काळ’ खोडून मी ‘लागण झाल्यापासून ताप येईपर्यंतचे दिवस’ केलंय. लांब झालं, पण राहू दे.

दुरुस्त केलेली पानं सोबत आहेत. छापायला टाकण्याआधी तुझ्या केंद्रातल्या एखाद्या आशाताईला मोठ्यानं वाचायला लाव आणि ती कुठं अडखळते, ते मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू