कुंभार्लीचे पॅकिंग

सातारा,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय वसंता यास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर न देणारा माणूस आज आपण होऊन लिहायला बसला आहे, त्यावरून काहीतरी घडले असणार हे तू ओळखले असशीलच. माझा रक्तदाब गोळीवर आहे, सौ.ची साखर आटोक्यात आहे, आणि प्रकृतीचे प्रकरण मी इथेच मिटवतो. विषय आपल्या जुन्या पद्मिनी गाडीचा आहे. फोनवरही सांगता आले असते, परंतु तू मध्येच हसला असतास, आणि मला हे शेवटपर्यंत सांगायचे आहे.

गेले चार महिने गाडी स्लोला, म्हणजे उभ्या जागी चालू असताना, मिसिंग मारत, अडखळत होती. रस्त्याला लागली की तक्रार नाही, पण पोवई नाक्यावर थांबावे लागले की स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हिवतापाच्या रोग्यासारखा थरथरू लागे आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे कणवेने पाही. सकाळी चोक ओढून सुरू केली की दोन मिनिटे अगदी शहाण्यासारखी चाले, आणि चोक आत ढकलला की पुन्हा तेच. खरे तर रोग तिथेच कळायला हवा होता. चोक ओढल्यावर इंजिन सुधारते याचा अर्थ त्याला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, हे तूच मला शिकवले होतेस. पण मी दोष दिला तो हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला. तोही अगदीच खोटा नव्हता. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरला मिश्रण थोडे पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे पडते आणि जुने रबरी पाइपही त्याने खराब होतात. ते पाइप मी बदलले. थरथर होती तेवढीच राहिली.

मग मी गाडी इथल्या एका गॅरेजात नेली. त्या गृहस्थाने प्लग, पॉइंट, कंडेन्सर असे सगळे नवे टाकले, कार्बोरेटर धुतला, थ्रॉटलचा स्क्रू आवळून स्लो इतका वाढवला की गाडी उभ्या-उभ्या घाट चढते आहे असे वाटावे, आणि शेवटी मला म्हणाला, ‘काका, मुंबईच्या टॅक्सीसुद्धा बंद झाल्या, आता काढून टाका.’ टॅक्सीचे त्याचे म्हणणे खरे होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली, आणि टॅक्सीवाल्यांच्या जोरावर स्वस्तात मिळणारे आपले सुटे भागही तेव्हापासून जपून मागावे लागतात. पण आपल्या गाडीविषयी हे दुसऱ्याने म्हणावे, हे मला सोसले नाही. (तू म्हणत होतास ते मी सोसत होतो, कारण तुझ्या मामांचा तो १४८९ सीसीचा अ‍ॅम्बॅसेडर नावाचा रणगाडा ढकलताना माझीही कंबर गेलेली आहे. आपल्या १०८९ सीसीला तुम्ही दोघे शिलाई मशीन म्हणत होता. शिलाई मशीनचा संबंध पुढे येणारच आहे.)

गेल्या रविवारी मी स्वतःच बॉनेट उघडले. प्रथम एकेका प्लगची वायर काढून पाहिली. प्रत्येक वेळी इंजिन सारखेच खाली बसले, म्हणजे चारांपैकी कोणताही एक सिलिंडर मेलेला नव्हता. वायरी परत लावताना १-३-४-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रम मोठ्याने म्हणत होतो, त्यामुळे तुझ्या वहिनीला वाटले की मी स्तोत्र म्हणतो आहे. १९९५ च्या दिवाळीत दोन आणि तीनची अदलाबदल कोणी केली, हा वाद मी आज पुन्हा काढत नाही. डेलकोचे, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीचे, झाकण काढून पॉइंटचा गॅप पाहिला, तो ०.४५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर होता. टॅपेटही, म्हणजे झडपांची फटही, पाहिली. प्लग मात्र बाहेर काढले तर चारही पांढुरके होते, आणि नव्या प्लगवर महिन्याभरात असा रंग चढतो तो मिश्रण पातळ असल्यावरच. एरवी दीड-दोन फेऱ्यांवर राहणारा, स्लोचे पेट्रोल कमी-जास्त करणारा मिक्श्चरचा स्क्रू गॅरेजवाल्याने जवळजवळ पाच फेरे उघडून ठेवला होता. कुठून तरी चोरटी हवा आत जात होती आणि तो बिचारा तिला पेट्रोल पुरवत बसला होता.

ती जागा शोधायला मी तुझ्या वहिनीच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली. इंजिन स्लोला चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी, सांध्याभोवती, थेंब थेंब तेल सोडत गेलो. वरच्या सांध्याला काहीच झाले नाही. खालच्या, म्हणजे कार्बोरेटरला इंजिनची उष्णता लागू न देणाऱ्या इन्सुलेटरच्या ठोकळ्याखालच्या सांध्याला मागच्या बाजूने तेल लागताच ते सुर्रकन आत ओढले गेले आणि इंजिन दहा-बारा सेकंद असे काही सुरेल चालले की मी कुपी हातात धरून तसाच उभा राहिलो. स्लोला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्याखालची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून नखाएवढी फटही तिथे पुरून उरते. रस्त्यावर झडप उघडली की तीच फट कोणाच्या खिजगणतीत राहत नाही.

आता ऐक. नट काढले, कार्बोरेटर उचलला, आणि तो ठोकळा, ज्याला इतक्या वर्षांत एकाही मिस्त्रीने हात लावला नव्हता, तोही उचलला. त्याच्याखाली पॅकिंग म्हणून जे निघाले ते पॅकिंग नव्हतेच. पापडासारखा झालेला तपकिरी जाड कागद होता, एका कडेला विरून गेलेला. उलटून उजेडात धरला तर त्याच्यावर सोनेरी रंगात ‘पेकरू’ एवढीच अक्षरे शाबूत होती.

‘आमचे येथे श्रीकृपेकरून.’ वसंता, ती नंदूच्या लग्नाची पत्रिका होती.

मे १९९८, त्या लग्नाला जाताना, हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटात, भर दुपारी. कार्बोरेटर ठोकळ्यासकट उतरवायचा हट्ट तुझा आणि पत्रिका कापायची युक्ती माझी. ब्लेडने कापताना तू म्हणाला होतास की हा कागद हवा ओढील, आणि मी नट रागारागाने आवळत होतो तेव्हा असेही म्हणाला होतास की फ्लँजचे, म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाच्या पट्टीचे, नट बसणारे कान वाकतील. मी म्हणालो होतो, चिपळूणपर्यंत टिकले म्हणजे झाले. मुहूर्त टळला, जेवणाच्या पंगती उठल्या, नंदू आजही आपल्याशी सरळ बोलत नाही, पण पॅकिंग सत्तावीस वर्षे टिकले. म्हणजे शब्दशः माझे म्हणणे खरे झाले. मात्र काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून फ्लँज घासून पाहिला तेव्हा दोन्ही कान खाली वाकलेले दिसले, मध्ये घासल्याची खूणसुद्धा उमटेना. तेव्हा तूही खरा होतास. हे मी लेखी देत आहे, याची नोंद घ्यावी.

फ्लँज सपाट करायला दोन संध्याकाळी गेल्या. मग पॅकिंग पेपर ठोकळ्याच्या बैठकीवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत कापला आणि दोन्ही नट आलटून पालटून, पाव-पाव फेऱ्याने आवळले. मिक्श्चरचा स्क्रू दोन फेऱ्यांवर आणला, थ्रॉटलचा स्क्रू सैल केला, आणि गिअरचा दांडा थांबला. अगदी पूर्ण नाही. थ्रॉटलच्या झडपेच्या दांडीत, स्पिंडलमध्ये, झिजेमुळे थोडी ढिलाई आहे, तिथून हवेची एक बारीक ओढ राहतेच. त्या दांडीचे बुश लेथवर करून घ्यावे लागेल. ते दिवाळीनंतर.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट पार पडले हे नंदूच्याच बहिणीकडून कळले. जिने टाळ. मुलीला बंगळूरची नोकरी मानवली का, ते कळव. इंदूरला पाऊस कसा आहे?

पत्रिकेचा तुकडा मी प्लगच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. नंदू दिवाळीत साताऱ्याला येणार म्हणतो. त्याला दाखवावा की नाही हे मला ठरवता येत नाही, आणि मुख्यतः तेवढ्यासाठीच हे पत्र आहे.

तुझा,
सदाशिव

ता. क. : या सगळ्यात माझा १२-१३ चा पाना सापडला नाही, शेजाऱ्यांचा आणावा लागला. कुंभार्लीत तो शेवटचा तुझ्या खिशात गेला होता.